खुब्यातला बटवा

साहित्य: तीन उशा (त्यातली एक जाड, रात्रभर दाबली तरी न बसणारी), एक जुनी गोधडी, हातांची खुर्ची, जुन्या सुती साडीचा हातभर रुंद पट्टा, स्वयंपाकाचा ओटा आणि एक वही. विकत आणायची ती फक्त काठी. वेळ: तीन महिने. वेळेचं आधीच सांगून टाकते, कारण आठ दिवसांत गुण येईल म्हणून सुरू करणारे दहाव्या दिवशी सोडून देतात. मीही एकदा सोडलं होतं.

माझं वय ७१. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते; लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. उजव्या खुब्याचं दुखणं सुरू झालं ते पायऱ्यांवर नाही, अंथरुणात. उजव्या कुशीवर वळलं की हाडात कुणी अंगठा रोवावा तशी कळ यायची. डाव्या कुशीवर वळलं तरी तासाभरानं तेच. डॉक्टरांनी कागदावर ‘ट्रोकँटरिक बर्सायटिस’ लिहिलं आणि मला वाटलं, काहीतरी भयंकर झालंय.

बर्सा म्हणजे लॅटिनमध्ये पिशवी. आपल्या आज्या कमरेला बटवा खोचायच्या, तसे छोटे बटवे शरीरात दीडशेच्या आसपास असतात. आत सुपारी-चुन्याऐवजी थोडा चिकट द्रव. हाड आणि त्यावरून सरकणारे स्नायू एकमेकांवर घासू नयेत, एवढंच त्यांचं काम. मांडीचं हाड वर जिथे बाहेरच्या बाजूला उंचवट्यासारखं हाताला लागतं, तिथला बटवा सुजला की हे दुखणं. अलीकडे डॉक्टर असंही सांगतात की बऱ्याच जणांचा बटवा फारसा सुजलेला नसतोच. त्या उंचवट्याला चिकटलेल्या कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरा झिजून दुखऱ्या झालेल्या असतात. चाळिशीनंतर, आणि बायकांत जास्त. नाव काहीही द्या, वैरी एकच: दाब. बाहेरून गादीचा, आतून ताणलेल्या कंडरेचा. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे.

आधी बोट ठेवून बघा

उभं राहून तळवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सलवारीला खिसा असतो त्या उंचीवर ठेवा. उंचवटा लागेल. त्यावर बोट दाबल्यावर “हाच तो” असं वाटलं, तर बहुधा हेच दुखणं. कळ जांघेत असेल, पायाची नखं कापायला किंवा सलवारीत पाय घालायला वाकता येत नसेल, तर सांध्याची झीज असू शकते. कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली मुंग्या जात असतील तर कमरेकडे बघायला हवं. हे ठरवणं डॉक्टरांचं काम, पण नेमकं कुठे दुखतं हे बोट ठेवून सांगितलं तर त्यांचंही काम सोपं होतं. “सगळा पायच दुखतो हो” असं सांगून मी पहिल्या खेपेला गुडघ्याचा एक्स-रे काढून आले होते.

पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, जागा लाल-गरम होऊन ताप येत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रात्र

मला सगळ्यात जास्त गुण आला तो इथे. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही हे सगळेच सांगतात. चांगल्या कुशीवर झोपल्यावर काय होतं हे मात्र कुणी सांगत नाही. वरचा, म्हणजे दुखरा पाय पुढे गादीवर घसरतो. गुडघा खाली टेकतो, आणि विहिरीच्या काठावरून दोर ताणला जावा तशा कंडरा त्या उंचवट्यावर रात्रभर ताणून बसतात. आपल्याला वाटतं, मी तर चांगल्या बाजूवर झोपले होते!

म्हणून उशांची मांडणी अशी. जाड उशी दोन्ही पायांमध्ये, आणि ती नुसती गुडघ्यांत नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय तिच्यावर पडायला हवा, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी पिळते. उशी पुरेशी जाड आहे का, हे घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा: वरची मांडी कमरेच्या रेषेत आडवी दिसली पाहिजे, उतरती नाही. माझ्या नातीनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तेव्हा कळलं की माझी फोमची उशी अर्ध्या तासात पापडासारखी होते. शेवटी जुन्या कापसाच्या उशीला टॉवेल गुंडाळला. दुसरी उशी पोटाशी कवटाळायची, म्हणजे अंग पुढे कलंडत नाही. तिसरी पाठीला टेकवायची, म्हणजे झोपेत दुखऱ्या बाजूला वळलं जात नाही.

पाठीवर झोप येणाऱ्यांचं सोपं: तीच जाड उशी गुडघ्यांखाली. गादी कडक असेल, आणि आपल्या पिढीत कडक गादी म्हणजे जणू सद्गुणच, तर गोधडी चौपदरी करून कमरेपासून मांडीपर्यंत अंथरा. उठताना दोन्ही गुडघे एकत्र ठेवून ओंडक्यासारखं वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, हातांवर जोर देऊन बसायचं आणि मिनिटभर थांबून उभं राहायचं. एक पाय आधी ओढून घेतला की कळ ठरलेली.

बसणं आणि उभं राहणं

पाट, सतरंजी, मांडी, आणि बायका एका अंगावर पाय दुमडून बसतात ती बैठक, हे सगळं तीन महिने बंद. पायावर पाय टाकून बसणंही बंद. खुर्ची अशी हवी की गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. सोफ्यात रुतून बसण्यापेक्षा जेवणाची खुर्ची बरी. बुटकी असेल तर वर चादरीची घडी ठेवा. पूजा चौरंग उंचावर ठेवून खुर्चीतून करते. देवाची काही तक्रार नाही, शेजारणीची होती. हळदीकुंकवाला गेल्यावर सतरंजीकडे न बघता “मला खुर्ची द्या” म्हणायचं. पहिल्या वेळी जीभ अडखळते.

उभं राहताना आपण सगळ्याच एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढतो. पोळ्या लाटताना, बस थांब्यावर, नातवाला कडेवर घेऊन. तसं उभं राहिलं की त्या बाजूचा खुबा ताणला जातो. दोन्ही पायांवर सारखा भार घ्या, पावलांत वीतभर अंतर ठेवा. लोकलमध्ये चौथी सीट नाकारा. एका कुल्ल्यावर अर्धं अंग लटकवून ठाण्यापर्यंत जाण्यापेक्षा दांडा धरून उभं राहिलेलं बरं. शेअर रिक्षात दुखरी बाजू शेजारच्या माणसाकडे नाही, मोकळ्या दाराकडे.

चालणं, जिना, काठी

चालणं बंद करू नका, कमी करा. चाळीस मिनिटं एकदम न चालता दहा-दहा मिनिटं दोन वेळा. सपाट जागा बघा. रस्ता कडेला उतरता असतो, तिथून रोज एकाच दिशेनं चाललं की एक खुबा वर राहतो. मी हे महिनाभर करत होते.

काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. हे सांगितल्यावर प्रत्येक जण माझ्याकडे संशयानं बघतो. पण दुखरा पाय टेकताना उलट बाजूच्या काठीवर भार गेला की कुल्ल्याच्या स्नायूला शरीर तोलून धरायला तेवढा कमी जोर लागतो. उंची मोजताना चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहा. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठड्याला हात. सुरुवातीला एकेका पायरीवर दोन्ही पाय आणा. भाजी दोन पिशव्यांत विभागून आणा, किंवा दोरीनं बास्केट खाली सोडा. आमच्या मजल्यावर हल्ली तिघी सोडतात.

शेक आणि औषध

गरम की गार, यावरून घरात वाद घालू नका. ज्यानं बरं वाटेल ते, नॅपकिनमध्ये गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झाली असेल तर शेक दुसऱ्याच्या हातानं तपासून घ्या. गोळ्यांचं मात्र स्वतः ठरवू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या केमिस्ट सहज देतो, पण या वयात त्या मूत्रपिंड, रक्तदाब आणि जठर या तिघांनाही त्रास देऊ शकतात, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. घरात काय काय चालू आहे त्याची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा.

इंजेक्शनचा प्रश्न येतोच. स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे चांगला आराम पडू शकतो, आणि झोपच उडाली असेल तर तेवढा आराम मोलाचा असतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहा. पण इंजेक्शन म्हणजे उपचार संपला असं नाही. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. हेच दुखणं असलेल्या २०४ जणांचे तीन गट केले होते: एकाला समजावणं आणि व्यायाम, दुसऱ्याला एक इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं “थांबून बघा”. आठ आठवड्यांनी बरं वाटतं म्हणणारे पहिल्या गटात शंभरात सुमारे ७७, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात २९. वर्षानंतर इंजेक्शनवाले आणि नुसते थांबलेले यांच्यात फारसं अंतर उरलं नव्हतं.

व्यायाम

फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी बघून घ्या. मला शिकवलेले चार असे.

पहिले दोन आठवडे फक्त हा: पाठीवर झोपून गुडघे उभे करा. साडीचा पट्टा दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर, गाठ मारून बांधा. पावलं आणि गुडघे कमरेइतके दूर. आता गुडघ्यांनी पट्टा बाहेर ढकला, पण हळू. पट्टा फाडायचा नाही, स्नायू जागा झालेला जाणवला की पुरे. मनात दहा मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हलताना काही दिसत नाही, म्हणून माझे यजमान विचारायचे, “झोपलीस की व्यायाम चाललाय?”

तिसऱ्या आठवड्यापासून त्याच स्थितीत कंबर उचलायची. टाचा दाबून, वीतभर वर, तीन मोजून खाली. आठ वेळांपासून सुरुवात. मग खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, पाच वेळा. गुडघे एकमेकांकडे झुकायला लागले तर खुर्चीवर घडी ठेवून ती उंच करा. शेवटचा, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून: ओटा धरून खेकड्यासारखं आडवं चालणं. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

वहीत रोज दोन आकडे लिहा: व्यायाम करताना कळ दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती. करताना तीन-चारपर्यंत चालतं. सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढला तर व्यायाम निम्मे करा, बंद नाही. दुसऱ्या महिन्यात माझा आकडा सहावरून तीनवर आला आणि तीन आठवडे तिथेच बसला. तिथेच मी पहिल्या खेपेला सोडलं होतं.

हे करू नका

पाय छातीपलीकडे, दुसऱ्या खांद्याकडे ओढून ताणणं. मोबाइलवर ‘खुब्याचे व्यायाम’ शोधलं की आधी हाच दिसतो. बरा झालेल्या माणसाला तो चालत असेल. दुखऱ्या कंडरेला तो काठावरचा दोर आणखी ओढण्यासारखा आहे. आणि मालिश. एका बाईंनी चार दिवस अंगठ्यानं त्याच हाडावर तेल जिरवलं. पाचव्या दिवशी जागा काळीनिळी झाली होती आणि मला जिना उतरता येईना. कुल्ल्याच्या मांसल भागावर हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटतं. हाडाच्या उंचवट्याला कुणाचा अंगठा लागू देऊ नका.

पुन्हा उठलं तर

उठतंच. माझं दिवाळीत उठलं. चकल्यांसाठी तीन तास ओट्याशी, अर्थात एकाच पायावर. अशा वेळी घाबरून सगळं सोडायचं नाही आणि हट्टानं सगळं चालूही ठेवायचं नाही. पहिल्या आठवड्यावर परत या: पट्टा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, चालणं निम्मं, काठी पुन्हा हातात. माझे नऊ दिवस गेले. सहा आठवडे नेटानं करूनही आकडा हलत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. कंडरा फाटली आहे का हे सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये बघता येतं.

हल्ली ५४ पायऱ्या मी एकदा थांबून चढते. काठी दाराआड उभी असते, पावसाळ्यात निघते. पायांमधली उशी मात्र काढलेली नाही; गेल्या महिन्यात तिला नवा अभ्रा शिवला.