आबांची बंदूक

2024 च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि थोड्याच दिवसांत पोलीस ठाण्यातून फोन आला. हवालदारांना आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोलायचं होतं. निवडणूक आहे, बंदूक जमा करायची आहे, परवाना घेऊन या. मी म्हणालो, "साहेब, आबांना जाऊन चार वर्षं झाली." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "मग बंदूक कुठंय?"

बंदूक माळ्यावर होती. आबांच्याच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, शेजारी डब्यात अकरा काडतुसं. बारा बोअरची दुनळी. आमचं गाव पवन मावळात, तिकोन्याच्या बाजूला. भात निसवायला लागलं की रात्री रानडुकरांचा कळप उतरायचा आणि सकाळी खाचर नांगरल्यासारखं दिसायचं. त्यासाठी आबांनी 1974 साली परवाना काढला. पुस्तिकेच्या कडा झिजल्या होत्या, पण नूतनीकरणाची तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. 2020 च्या जानेवारीत आबा गेले. त्यानंतर चार खंडेनवम्या आम्ही ती बंदूक खाली काढली, तेल लावून पुसली, झेंडूचा हार घालून पुजली आणि परत वर ठेवली. यात काही चुकतंय असं घरात कोणालाच वाटलं नाही. सातबाऱ्यावर नाव लागतं तशीच बंदूकही आपोआप आपली झाली, असं मी धरून चाललो होतो.

तसं नसतं. परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि तो त्या माणसाबरोबर संपतो. वारसाला मिळतो तो अर्ज करण्याचा हक्क. परवाना हातात येईपर्यंत ती बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. 2019 च्या डिसेंबरपासून त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. माझ्या माळ्यावर चार वर्षं हेच पडून होतं.

मी याहून मोठी चूक केली होती. 2022 मध्ये शेजारच्या वाडीतल्या तात्यांनी बंदूक मागितली. त्यांच्याकडे स्वतःचा परवाना होता, म्हणून मी निर्धास्त. दहा हजार विसार घेतला, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. देणं तेवढं लांबलं, कारण ताई म्हणाली, आबांची आठवण आहे, एवढ्यात नको. तिच्या त्या एका शब्दाने मी आणि तात्या दोघेही वाचलो.

खाजगी विक्रीला कायद्यात वाट आहे, पण ती स्टॅम्प पेपरवरून जात नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे ज्याच्याकडे शस्त्र कायदेशीर आहे त्यालाच ते विकता येतं. त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं. घेणाऱ्याला ते शस्त्र घेण्याचा हक्क असला पाहिजे. नुसतं त्याच्या खिशात परवाना आहे एवढ्यावर भागत नाही. परवान्यावर कोणतं शस्त्र आणि किती, हे लिहिलेलं असतं, आणि आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीनची होती. माझ्यापुरतं बोलायचं तर मुळात बंदूकच माझी नव्हती. मी विकणार काय?

फोन झाला त्याच दिवशी घरी पंचनामा झाला. बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, माझा जबाब. त्यानंतरचे महिने कसे गेले ते आमच्या घरालाच माहीत. जमा झालेलं शस्त्र ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना काढून परत घ्यायचं असतं किंवा हक्काच्या माणसाला विकून पैसे घ्यायचे असतात. नाहीतर ते सरकारजमा होतं. माझ्या अर्जाला बाकीच्या वारसांची ना-हरकत हवी होती. नेमका तेव्हाच रस्त्याकडेच्या जमिनीवरून धाकट्या भावाचा आणि माझा अबोला चालला होता. आमच्याकडे बंगलेवाले यायला लागल्यापासून गुंठ्याच्या भावाने बरीच घरं अशी फोडली आहेत. त्याने सही दिली नाही. मुदत गेली आणि बंदूकही गेली.

म्हणून ज्यांच्या घरी असं शस्त्र आहे त्यांना कळकळीने सांगतो.

घरातला परवानाधारक गेला की दहाव्या-तेराव्याच्या धावपळीतही ठाण्याला आधी कळवा. बंदूक स्वतः गाडीत टाकून नेऊ नका, वाटेत ती विनापरवानाच असते. पोलीस पाटलांना सोबत घ्या, ठाण्याला फोन करा, ते सांगतील तसं करा. बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या आहे ना, ते वाचूनच घरी या.

अर्ज कुठे करायचा तेही आधी पाहा, कारण आपला मावळ यात विभागलेला आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीणमध्ये येतात, तिथला परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा. तळेगाव दाभाडे 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, तिथे पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं, पोलीस चौकशी होते आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं.

"गंजलेली आहे, पणजोबांची ठासणीची आहे, तिला काय परवाना?" असं म्हणणारे गावोगाव भेटतात. जुनाट शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही जिच्यातून बार उडणार नाही अशालाच. हे ठरवणं आपल्या हातात घेऊ नका.

आणि परवाना असला तरी बंदूक मिरवायची वस्तू नाही. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारच्या मुळशीत जमिनीच्या वादात पिस्तूल रोखल्याची चित्रफीत 2024 च्या जुलैत साऱ्या देशाने पाहिली. त्यात अटक झाली आणि परवाना रद्द करण्याचा आदेशही निघाला.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मला उशिरा कळली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंड, कोणीही. आबा गेले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि बंदूक शेहेचाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. तेव्हा भाऊ बोलत होता, ताई येत-जात होती. आबांच्या समोर कोणीही सहीला नाही म्हटलं नसतं.

तुमच्या घरी अशी बंदूक आणि सत्तरी ओलांडलेले वडील दोन्ही असतील, तर खंडेनवमीची वाट पाहू नका. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, पुस्तिका मागून घ्या आणि विचारा, "ही कोणाला द्यायची?"