तोतयांची पारख

‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांचे नाव सांगणारा एक तोतया उभा राहिला आणि १७७६ साली कोकणात त्याने बंडही माजविले. लोक भुलले ते भाऊसाहेबांच्या नावाला. आजचे तोतये कंपनीचे, बँकेचे वा सरकारी खात्याचे नाव घेतात.

आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे असे उदाहरण मुंबईचे आहे. मार्च १९८७ मध्ये मोनसिंग असे नाव सांगणाऱ्या एका इसमाने वृत्तपत्रात जाहिरात देऊन गुप्तचर अधिकाऱ्यांच्या जागांसाठी पदवीधर तरुणांना बोलाविले. नामांकित हॉटेलात मुलाखती होऊन निवडही झाली. १९ मार्च रोजी या तरुणांना घेऊन तो ऑपेरा हाऊस येथील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर गेला. केंद्रीय अन्वेषण विभागाचा छापा असल्याचे सांगून त्याने लाखो रुपयांचे दागिने ताब्यात घेतले व तो पसार झाला. नवे ‘अधिकारी’ मात्र त्याची वाट पाहत तिथेच थांबले. तो इसम पुढे सापडला नाही. ते तरुण काही अडाणी नव्हते. परंतु जाहिरात आणि हॉटेल ही दोन्ही त्या तोतयानेच दाखविलेली होती. ज्या खात्याचे नाव घेतले गेले, त्या खात्यातच चौकशी झाली असती तर हे नाटक पहिल्याच अंकात संपले असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आळीत कुणाकडे छापील कागद आला की तो माझ्यापुढे येतो. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू मुलाचे नेमणूकपत्र घेऊन आल्या. वर एका मोठ्या कंपनीचे चिन्ह, खाली गोल शिक्का. ‘अनामत’ म्हणून साडेआठ हजार रुपये दोन दिवसांत भरावयाचे होते आणि खाते मात्र एका व्यक्तीच्या नावाचे होते. काकूंनी दोन शेळ्या विकायचे ठरविले होते. पत्रातला क्रमांक बाजूला ठेवून मी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून कार्यालयाचा क्रमांक काढला व फोन केला. अशी भरतीच नव्हती. शेळ्या वाचल्या, मुलगा मात्र दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

यावरून मला एकच मुख्य नियम सुचतो: पडताळणीची वाट आपली असावी, समोरच्याने दाखविलेली नसावी. कंपनीची नोंद केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पण नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे, आणि खऱ्या कंपनीचे नाव तोतयाही वापरतो. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा मालक संशयास्पद समजावा. यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही. तो फक्त देताना लागतो. ओटीपी कुणालाही सांगू नये. ‘आजच, आत्ताच’ अशी घाई कुणी केली, तर तिथेच थांबावे. इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम रोखण्याची आशा कमी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिक्का असलेला कागद म्हणजे खरा कागद, अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची थट्टा करू नये. घरातल्यांच्या शेजारी बसून तो कागद त्यांच्यासह वाचावा आणि चौकशीचा फोन त्यांच्यासमोरच करावा. पुढच्या वेळी तो फोन ते स्वतःच करतील.