कीटकांस मारणारी बुरशी निर्धोक आहे काय ?

पावसाळ्यांत मुलचेऱ्याकडील धानाच्या बांधींत उतरल्यास एखादे वेळीं पानास चिकटून मेलेला किडा दृष्टीस पडतो. त्याचें अंग ताठ झालेलें असून त्यावर चुन्यासारखा पांढरा किंवा हिरवट थर चढलेला असतो. हा किडा विषानें नव्हे, तर बुरशीनें मेलेला असतो. अशा बुरशीची भुकटी आतां बाजारांत मिळते व शेतकरी ती पाण्यांत कालवून पिकावर फवारतात. ती निर्धोक आहे काय, ह्याचा आपण येथें विचार करूं.

प्रथम तिची कृति पाहूं. बुरशीचे सूक्ष्म बीजाणु किड्याच्या अंगास चिकटतात. हवेंत ओलावा असल्यास त्यांस अंकुर फुटतो. तो किड्याची कठीण त्वचा भेदून आंत शिरतो, आणि आंत बुरशी माजून किडा थोड्याच दिवसांत मरतो. प्रखर उन्हानें बीजाणु नाश पावतात. म्हणून फवारणी सायंकाळीं करावी.

मनुष्यास हिचें फारसें भय कां नाहीं? बव्हेरिया व मेटारायझियम ह्या बुरश्या सुमारें २५ ते ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत उत्तम वाढतात. आपल्या शरीराची उष्णता ३७ अंश. तींत त्यांची वाढ बहुतेक खुंटते. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर रासायनिक औषधें फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसें दगावलीं. त्या मानानें ही बुरशी सौम्य खरी. तथापि हिच्या धुळीचा कित्येकांच्या श्वासास त्रास होतो. आणि डोळ्यास इजा झालेली असतां किंवा शरीर फार क्षीण असतां क्वचित् रोग जडल्याचेंहि नमूद आहे. म्हणून नाक, तोंड व डोळे झांकूनच हें काम करावें.

परंतु प्रश्न केवळ मनुष्याचा नाहीं. पूर्वी इटलींत रेशमाचे किडे पांढरे पडून मरत. त्याचें कारण एक सूक्ष्म बुरशी आहे, असें आगोस्तिनो बास्सी ह्यानें सन १८३५ मध्यें सिद्ध केलें. तीच आजची बव्हेरिया. म्हणजे शेतकऱ्याची ही मैत्रीण रेशीमवाल्याची जुनी वैरीण होय! आमच्या गडचिरोली जिल्ह्यांत आरमोरीकडील ढिवर बांधव ऐन व अर्जुन ह्या वृक्षांवर टसरचे किडे पाळतात, आणि तेंहि पावसाळ्यांत, धानावर फवारणी चालते त्याच दिवसांत. किड्याचें अंग हवेइतकेंच उष्ण. त्यास आपल्यासारखा उष्णतेचा कोट नाहीं. म्हणून फवारणीपूर्वीं वारा कोणीकडे वाहतो तें पाहावें, जवळपास कोणी टसर पाळीत आहे काय ह्याची चौकशी करावी, व अशा झाडांजवळ ही भुकटी मुळींच नेऊं नये.

विद्यार्थ्यांनो, एखादी वस्तु निर्धोक आहे असें कानीं पडतांच ‘कोणास?’ असें विचारण्याची संवय आपण लावून घेऊं. परमेश्वरानें सोपविलेल्या सृष्टीचे आपण कारभारी आहोंत. आपलें पीक राखतांना शेजाऱ्याची भाकर हिरावली जाऊं नये, हें पाहणें आपलें कर्तव्य आहे.