बंदिवान सोडताना : दयेची किंमत कोण देतो?

शास्त्रपाठ : १ राजे २०:३१-४३, २ राजे ६:८-२३, मार्क १५:६-१५



शब्बाथशाळेत एका मुलाने विचारले, "एका माणसासाठी हजार कैदी सोडणे बरोबर की चूक?" प्रश्न वर्तमानपत्रातला असला, तरी त्याचे उत्तर आपण शास्त्राच्या प्रकाशात शोधले पाहिजे.

घटना

जून २००६ मध्ये गिलाद शालित हा इस्राएली सैनिक पकडून गाझात नेला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या मोबदल्यात १,०२७ कैदी सोडण्याचा करार झाला. ज्यांचे आप्त त्यांपैकी काहींच्या हातून मेले होते, ती कुटुंबे न्यायालयात गेली. त्यांचे अर्ज फेटाळले गेले. सुटलेल्यांत चार जन्मठेपा झालेला याह्या सिनवार होता. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी तो एक. त्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली व २५१ ओलीस नेले गेले. पुढील युद्धात गाझात हजारो माणसे, त्यांत पुष्कळ लेकरे, प्राणांस मुकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेरचे २० जिवंत ओलीस परतले, तेव्हा सुमारे २,००० पॅलेस्टिनी सोडण्यात आले. त्यांपैकी बहुतेक गाझातून धरून आणलेले व आरोपपत्राविना ठेवलेले होते.

शास्त्राचा विचार

१. अहाबाने बेनहदादाला सोडले, ते दिमिष्कात बाजारपेठ मिळावी म्हणून. ज्यांचे पुत्र लढाईत पडले, त्यांना कोणी विचारले नाही. संदेष्ट्याने त्याचा निषेध केला.

२. म्हणून कैद्यांना मारावे काय? नाही. अलीशाने राजाचा हात आवरला, शत्रूंना जेवू घातले व घरी पाठविले. त्या दयेत सौदा नव्हता.

३. बरब्बा खुनी होता. तो सुटला आणि निर्दोष येशू वधस्तंभावर गेला. पिलाताने सोयीसाठी दुसऱ्याचा जीव दिला. ख्रिस्ताने प्रीतीने स्वतःचा दिला.

आपला बोध

स्वतः किंमत देऊन केलेली दया ही ख्रिस्ताची दया. राज्यकर्ता मात्र इतरांच्या जिवाची जोखीम घेतो, म्हणून त्याने भीत भीत निर्णय घ्यावा. माझ्या मते बंदिवानाला सोडवणे योग्यच आहे. पण मृतांच्या घरच्यांचे ऐकल्यावाचून नव्हे. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याला सौद्यासाठी अडकवून ठेवणे हाही अन्याय आहे. आणि पुढे घडलेल्या पापाचा दोष पाप करणाऱ्यावर आहे. लेकरू परत मागणाऱ्या आईबापांवर नाही.

वर्गात चर्चेसाठी

१. अहाबाची व अलीशाची दया यांत फरक कोणता?
२. आपण क्षमा करतो, तेव्हा तिची किंमत कोण देतो?

प्रार्थना : हे प्रभू, दोन्ही बाजूंच्या बंदिवानांची व शोक करणाऱ्यांची आठवण कर. आमेन.