हातचा केव्हां घ्यावयाचा?

विद्यार्थिमित्रहो, आठ आणि सात मिळून किती, असें कोणी विचारिलें तर तुम्ही तत्काळ पंधरा असें सांगाल. मोठी बेरीज करतांना पांच मांडून एक हातचाहि घ्याल. परंतु हातचा दहा झाल्यावरच कां घ्यावयाचा, सोळा झाल्यावर किंवा दोन झाल्यावर कां नाहीं, हा प्रश्न तुमच्यापैकीं किती जणांच्या मनांत आला असेल बरें? याचें उत्तर ज्यास नीट उमगलें, त्यास संगणकाची बेरीज निराळी शिकावी लागत नाहीं. ज्यास उमगलें नाहीं, त्याची नेहमींची बेरीजहि केवळ पाठांतर होय.

आपणांजवळ शून्यापासून नवापर्यंत दहा अंक आहेत. एकंस्थानीं नवाहून अधिक मावत नाहीं. दहा झाले कीं त्यांची एक जुडी बांधून ती शेजारच्या दहंस्थानीं पाठवावी लागते. त्या जुडीचेंच नांव हातचा. दहांची जुडी हा कांहीं निसर्गाचा नियम नव्हे. तो माणसांनीं आपसांत केलेला करार आहे. करार बदलला तर जुडीचा आकार बदलतो; बेरजेची रीत बदलत नाहीं.

याचें उत्तम उदाहरण आपल्या घरांतील वडील माणसांजवळ आहे. आपल्या देशांत १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वीं सोळा आण्यांचा एक रुपया असे. वाण्याकडून एकदां २ रुपये ११ आण्यांचा आणि दुसऱ्यांदां १ रुपया १२ आण्यांचा माल आणिला, तर एकूण किती झाले? अकरा आणि बारा मिळून तेवीस आणे. त्यांतील सोळांचा एक रुपया केला, उरले सात आणे. दोन आणि एक तीन रुपये, हातचा एक मिळवून चार. उत्तर, ४ रुपये ७ आणे. शाळेचें तोंड न पाहिलेलीं माणसेंहि असला हिशेब बाजारांत उभ्याउभ्या तोंडीं करीत. सोळा झाल्यावर हातचा घेणें, हेंच षोडशमान बेरजेचें सारें मर्म आहे.

फरक इतकाच कीं षोडशमान पद्धतींत एका स्थानीं एकच चिन्ह हवें. म्हणून नवाच्या पुढें इंग्रजी वर्णमालेंतील पहिलीं सहा अक्षरें घेतात. ए म्हणजे दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा, ई चौदा आणि एफ पंधरा. आतां वरचाच हिशेब या चिन्हांनीं मांडूं:

२ बी + १ सी = ४ ७

बी आणि सी मिळून तेवीस. सात मांडले, हातचा एक. दोन, एक आणि हातचा एक मिळून चार. मात्र या उत्तरास सत्तेचाळीस म्हणूं नये. सोळा चोक चौसष्ट आणि वर सात, म्हणजे ही संख्या एकाहत्तर. ताळा पाहा: २ बी म्हणजे त्रेचाळीस, १ सी म्हणजे अठ्ठावीस, त्यांची बेरीज एकाहत्तरच.

येथें एक चूक सहज घडते. ३ ए मध्यें २ ४ मिळवावयाचे आहेत. ए म्हणजे दहा, त्यांत चार मिळवून चौदा. जुन्या संवयीनें चार मांडून हातचा घेतला कीं उत्तर ६ ४ येतें, आणि तें चूक आहे. चौदा म्हणजे अद्यापि सोळा नव्हेत. जुडी बांधण्याची वेळ आलेलीच नाहीं. खरें उत्तर ५ ई.

आतां जुडी दोहोंचीच करूं. मग शून्य आणि एक हे दोनच अंक पुरतात. या द्विमान गणितावर लायब्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७०३ सालीं निबंध लिहिला. पुढें १९३७ सालीं क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत, चालू आणि बंद होणाऱ्या विजेच्या कळांनीं अशी बेरीज करतां येते, हें दाखविलें. संगणक याच मार्गानें चालतो. येथें स्थानांच्या किंमती उजवीकडून १, २, ४, ८, १६ अशा दुपटीनें वाढतात. अकरांत सात मिळवूं:

१०११ + ०१११ = १००१०

उजवीकडून एक आणि एक दोन. शून्य मांडलें, हातचा एक. पुढें एक, एक आणि हातचा मिळून तीन. एक मांडला, हातचा एक. नंतर शून्य, एक आणि हातचा मिळून दोन. शून्य मांडलें, हातचा एक. शेवटीं एक, शून्य आणि हातचा मिळून पुन्हां दोन. शून्य मांडून हातचा डावीकडे लिहिला. उत्तर सोळा अधिक दोन, म्हणजे अठरा.

द्विमान पद्धतीच्या चार स्थानांत शून्यापासून पंधरापर्यंत सोळा संख्या मावतात. म्हणून १०११ च्या जागीं नुसतें बी लिहिलें तरी चालतें. द्विमान संख्यांची लांबलचक रांग आटोपशीर लिहिण्यासाठींच षोडशमान पद्धति वापरतात.

हातचा ठेवावयास जागाच नसेल तर? आठ द्विमान स्थानांत आठहि एक लिहिले तर दोनशें पंचावन्न होतात. त्यांत आणखी एक मिळविला, आणि नववें स्थान नसलें, तर हातचा गळून पडतो व उत्तर शून्य उरतें! जागेचा विचार न केल्यास काय अनर्थ होतो, तें ४ जून १९९६ रोजीं जगानें पाहिलें. युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर एका मिनिटाच्या आंत नष्ट झाला. त्याच्या संगणकांत एक मोठी संख्या सोळा द्विमान स्थानांत बसविण्यास गेले असतां ती तेथें मावली नाहीं, हें त्याचें मूळ कारण होतें.

तेव्हां मित्रहो, आज घरीं गेल्यावर एक करा. १ रुपया १३ आणे आणि ३ रुपये ९ आणे यांची बेरीज आजीस किंवा आजोबांस तोंडीं विचारा, आणि तुम्ही वहींत १ डी आणि ३ ९ यांची बेरीज मांडा. पालकांसहि विनंती कीं त्यांनीं दोन्ही उत्तरें शेजारीं ठेवून पाहावीं. तीं जुळलीं म्हणजे नातवंडांस नव्या विद्येची भीति उरणार नाहीं, आणि वडिलांचा हिशेब जुना म्हणून टाकाऊ आहे, असेंहि कोणास वाटणार नाहीं.