होडीला इंजिन घेताना : मागची फळी मोजा, मग बाजारात जा

आम्ही कापडवाले. तागा हातात घेतला की सूत कसे आहे, वीण किती घट्ट आहे, धुतल्यावर किती आटेल, हे आम्हाला बोटांनी कळते. इंजिनाचे मात्र आम्हाला ओ की ठो कळत नव्हते. तरीही आज या पानावर आम्ही होडीच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत, त्याचे कारण आधी सांगतो.

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातील एक तांडेल आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. घरात लग्न असो की सण, कापड आमच्याकडूनच. गेल्या वर्षी ते दुकानात आले, पण कापड मागितले नाही. म्हणाले, "शेट, होडीला नवीन इंजिन घ्यायचंय. पंधराचं. थोडे पैसे आहेत, थोडे घरातल्या पाटल्यांवर काढतो. उरलेल्याला तुम्ही जामीन राहा."

आम्ही विचारले, "तांडेल, पंधराचेच का?"

"जुनं पंधराचंच होतं."

"त्याचे काय झाले?"

"वर्षभरात जाम झालं."

ज्या मालाने एकदा दगा दिला तोच माल पुन्हा का घ्यायचा, हा कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात येणारा साधा प्रश्न. जामीन राहायचे तर समजून घेऊन राहायचे, असे आम्ही ठरवले. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि इंजिनाच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत. मुलाकडून त्या वाचून घेतल्या, दोन मेकॅनिकांना भेटलो आणि जेट्टीवर चार वेळा जाऊन बसलो. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. दाभोळ, बाणकोट, राजपुरी अशा खाड्यांच्या काठी लहान होड्या बाळगणारे आमचे अनेक वाचक आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

हे यंत्र म्हणजे काय?

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंजाने घट्ट बसवायचे, वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा, असे हे यंत्र. सर्वजण त्याला आउटबोर्ड म्हणतात. नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९०९ साली अशा इंजिनांचा धंदा सुरू केला. पुढे जपानी कंपन्या यात उतरल्या. यामाहाने १९६० साली आणि होंडाने १९६४ साली आपले पहिले आउटबोर्ड बाजारात आणले. याचा मोठा फायदा असा की ते काढता येते, घरी नेता येते आणि उथळ पाण्यात वर उचलून धरता येते.

पहिले माप : फळीची उंची

तांडेलांचे जुने इंजिन जुन्या बाजारातून घेतलेले होते. विकणाऱ्याने "चालू आहे" एवढेच सांगितले, यांनी सुरू करून पाहिले आणि पैसे दिले. दांडा मोजायचे कोणालाच सुचले नाही.

दांड्याची मुख्य मापे दोन. आखूड म्हणजे सुमारे १५ इंच आणि लांब म्हणजे सुमारे २० इंच. मोठ्या बोटींसाठी २५ इंचीही मिळतो. होडीच्या मागच्या फळीची उंची, जिथे इंजिन बसते त्या वरच्या काठापासून तळापर्यंत, मधोमध सरळ मोजावी. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या बरोबरीला किंवा फार तर इंचभर खाली यावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. इंजिन नुसते ओरडते, होडी पुढे जात नाही. दांडा लांब पडला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ जागी पंखा चिखलात रुततो.

आम्ही टेप घेऊन गेलो. हा टेप कापडाचाच. फळी भरली १६ इंच. जुने इंजिन होते लांब दांड्याचे. म्हणजे ते जरुरीपेक्षा चार इंच खाली लोंबत होते, आणि तेही ठाण्याच्या खाडीत. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीला किती चिखल उघडा पडतो, हे पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

आउटबोर्ड खाडीचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. आत रबराच्या पात्यांची एक छोटी चक्री असते, ती पाणी वर ढकलते. पाण्याबरोबर गाळ आला की रबर झिजते, प्लास्टिकची पिशवी तोंडाशी बसली की पाणी बंद होते, आणि इंजिन तापून जाम होते. तांडेलांचे तसेच झाले. तेव्हा दोष १५ अश्वशक्तीचा नव्हता, चार इंचांचा होता.

दुसरे माप : ताकद किती हवी?

इथे बहुतेकांची फसगत होते. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग, असा समज असतो. पाण्यात हा हिशेब तसा चालत नाही.

भारलेली होडी पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. तिच्या वेगाची ढोबळ मर्यादा काढण्याची रीत अशी : पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. तांडेलांची होडी १८ फुटी फायबरची, पाण्यावर १६ फूट. १६ चे वर्गमूळ ४, गुणिले १.३४, म्हणजे सुमारे ५.४ नॉट, ताशी १० किलोमीटर. यापुढे थोडा वेग वाढवायलाही ताकद फार लागते.

आता वजन. होडी ३५० किलो, दोन माणसे १४० किलो, जाळी, बर्फ व मासळी मिळून २०० किलो, इंजिन व इंधन ६० किलो. एकूण ७५० किलो. शांत पाण्यात एका टनाला ४ ते ५ अश्वशक्ती पुरतात, असा अनुभवाचा अंदाज आहे. म्हणजे इथे साधारण ३ ते पावणेचार. समोरून वारा आणि ओहोटीची ओढ असेल तर हाताशी दुप्पट ताकद असावी. म्हणजे ६ ते साडेसात. सहाचे इंजिन रोज पूर्ण ताणावे लागेल, आणि रोज ताणलेले इंजिन लवकर थकते. म्हणून ८ घ्यावे व पाऊण मुठीवर चालवावे.

मग १५ चे का नको? होडी पाण्यावर उचलली जाऊन सपाट पळावी असे वाटत असेल, तर दर २० ते २५ किलोला एक अश्वशक्ती धरतात. ७५० किलोला ३० पेक्षा जास्त लागेल. १५ चे इंजिन इथे अधलेमधले. एकटा माणूस रिकाम्या होडीत असेल तर ती थोडी उसळेल, पण मासळीने भरलेली होडी त्याने उचलली जाणार नाही.

दहा-बारा फुटी होडी आणि सगळे मिळून ३०० किलो वजन असेल, तर ४ अश्वशक्ती भरपूर झाली.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

टू स्ट्रोक हलके, आतले भाग कमी, दुरुस्ती सोपी. पण त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. अनेक इंजिनांना ५० ला १ हे प्रमाण असते, म्हणजे लीटरला २० मिली. नेमके प्रमाण त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावे, शेजाऱ्याच्या तोंडून नव्हे. जळाल्याशिवाय बाहेर पडणारे पेट्रोल व ऑइल पाण्यातच जाते. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळे राहते, पेट्रोल कमी लागते, आवाज कमी होतो. मात्र वजन व किंमत जास्त. रॉकेलवर चालणारी इंजिनेही मिळतात. ती पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायची आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायची. रॉकेल नियमित व रीतसर मिळण्याची सोय असेल तरच त्या वाटेला जावे.

पंखाही पाहून घ्यावा. त्यावर दोन आकडे असतात. पहिला पंख्याचा व्यास, दुसरा पीच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे जाईल ते इंचांत. ओझे वाहणाऱ्या होडीला कमी पीचचा पंखा चांगला.

बॅटरीचे इंजिन?

मुलाने हा प्रश्न काढला. हिशेब असा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ६ अश्वशक्ती तीन तास हवी तर १३ युनिटपेक्षा जास्त वीज लागेल. १२ व्होल्ट, १०० अँपिअरच्या बॅटरीत सव्वा युनिटच्या आत वीज मावते, आणि साधी बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. म्हणजे वीसहून अधिक बॅटऱ्या. मासेमारीला हे परवडणार नाही. तासभर हळू, कमी ताकदीवर फिरण्यासाठी मात्र ते चांगले.

तराजूत टाकून पाहिले

कागदावरचा हिशेब तांडेलांना पटेना. "शेट, खाडी कागदावर नसते," म्हणाले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. म्हणून त्यांच्या नात्यातील एकाचे ८ चे फोर स्ट्रोक इंजिन एका दिवसासाठी मागून घेतले. भरतीची वेळ त्यांनी तोंडी काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सुमारे सहाला. आपल्या चंद्राच्या तारखेवरूनही हे जमते. फक्त तारखेत एक-दोन दिवस मिळवून तिथी धरावी लागते.

जाळ्याच्या नेहमीच्या ठिकाणी पोहोचायला जुन्या १५ वर २५ मिनिटे लागत. ८ वर लागली ३१. जाऊन-येऊन १२ मिनिटे जास्त. दिवसाला पेट्रोल लागत असे ९ लीटर, त्या दिवशी लागले साडेचार. वर्षाला २०० दिवस धरले तर ९०० लीटर. लीटरला १०० रुपये धरून ९०,००० रुपये. बारा मिनिटांची ही किंमत. तांडेल बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले.

खरे सांगायचे तर १५ चे इंजिन हळू चालवले असते तर खर्च कमी झाला असता. पण मूठ हातात असली की ती पूर्ण पिळली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

कायद्याची बाजू

इंजिन बसवले की होडी बिगरयांत्रिक राहत नाही. पावसाळ्यातील मासेमारी बंदी, जी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठेवली जात आली आहे, तिच्यातून पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते, इंजिनाच्या होडीला नाही. दरवर्षीचा आदेश पाहावा आणि कमाईच्या हिशेबातून हे दिवस वगळावेत. नोंदणी व परवान्याची, तसेच काही सरकारी मदत असल्यास तिची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागात किंवा मच्छीमार सोसायटीत करावी, आणि तीही खरेदीच्या आधी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील वनविभागाचे नियम वेगळे विचारून घ्यावेत.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. जुने इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. आधीच गरम करून ठेवलेले असेल तर शंका घ्या.

२. खालच्या गिअरचे ऑइल दुधासारखे पांढरे असेल तर आत पाणी शिरले आहे. घेऊ नका.

३. नंबर आणि बिल जुळत नसेल तर फुकटही घेऊ नका.

४. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद करा.

५. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा. रबराची चक्री व जस्ताचा तुकडा वेळेवर बदला.

६. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधा. वल्ही आणि लाइफ जॅकेट घरी ठेवू नका.

७. पेट्रोलचे तीन भाग करा : एक जायला, एक यायला, एक अडचणीला.

८. हमीपत्रात मासेमारीच्या वापराची अट आणि सुटे भाग जवळ कोठे मिळतात, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

तांडेलांनी ८ चे, आखूड दांड्याचे फोर स्ट्रोक घेतले. जामीन आम्ही राहिलो, पण रक्कम कमी झाली आणि पाटल्या घरातच राहिल्या. परवा ते आले तेव्हा हप्त्याविषयी आम्ही विचारण्यापूर्वीच पावती पुढे केली, आणि मग नातीच्या फ्रॉकसाठी कापड मागितले. आम्ही टेप काढला. ते हसून म्हणाले, "शेट, आधी माप!"