युवक प्रकल्पाचा अनुदान-प्रस्ताव : बीड जिल्ह्यातील कामाचे वेळापत्रक

बीड जिल्ह्यातील ग्रामीण युवकांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांड्यांवरील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली ‘कोयत्या’ची जोडी गाळप हंगाम संपल्यावर, साधारणतः चैत्र-वैशाखात, गावी परतते. शासनाचे आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते. वर्षअखेरीस निधी हाती यावा आणि नेमके त्याच वेळी गावातील तरुण कारखान्याच्या तळावर असावेत, असे घडल्यास चांगला प्रकल्पही कागदावरच राहतो. म्हणून या जिल्ह्यात अनुदानाचा प्रस्ताव तयार करताना पहिला विचार कालक्रमाचा करणे आवश्यक ठरते.

अर्ज कोणी करावा?

युवक कल्याणाची शासकीय यंत्रणा नवी नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, नेहरू युवा केंद्रे १९७२ पासून स्थापन झाली, तर ‘मेरा युवा भारत’ ही संस्था ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अस्तित्वात आली. राज्यात क्रीडा व युवक सेवा संचालनालय असून जिल्हा पातळीवर जिल्हा क्रीडा अधिकारी हा त्याचा दुवा आहे. अर्ज करण्यापूर्वी योजनेचा चालू शासन निर्णय व विहित नमुना संबंधित कार्यालयातून मिळवून तो संपूर्ण वाचावा.

गावातील युवक मंडळ नोंदणीकृत नसेल तर त्याच्या नावे अनुदान मिळणे कठीण असते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही होते. नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, कार्यकारिणीची अद्ययावत यादी, लेखापरीक्षित हिशेब, पॅन आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते ही कागदपत्रे आधीच सिद्ध ठेवावीत. कार्यकारिणी बदलूनही बदल अहवाल दाखल न केल्यास अर्जावरील स्वाक्षरीच वादात सापडते. नोंदणी नसलेल्या मंडळाने ग्रामपंचायत किंवा नोंदणीकृत संस्था पुढे करून, स्वतःची जबाबदारी लेखी ठरवून घ्यावी.

गरज कशी मांडावी?

“जिल्हा मागासलेला असून युवक बेकार आहेत” या वाक्याने छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यास काहीच कळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती आणि ० ते ६ वयोगटात दर १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. असे आकडे पार्श्वभूमी सांगतात, परंतु प्रस्तावाचा पाया गावाची स्वतःची पाहणी हाच असावा. प्रभागनिहाय किती युवक-युवती आहेत, किती जण कोणत्या महिन्यात जातात, किती जण वृद्धांसह मागे राहतात, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, या बाबी शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत यांच्या नोंदींवरून दोन आठवड्यांत संकलित होऊ शकतात. वयोगटही योजनेनुसार घ्यावा. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात तो १३ ते ३५ वर्षे होता, तर २०१४ च्या धोरणात १५ ते २९ वर्षे आहे.

ग्रामसभेचा ठराव हा महत्त्वाचा आधार आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा होत. यांपैकी २६ जानेवारीस ऊसतोड कुटुंबे गावाबाहेर असतात. ज्यांच्यासाठी प्रकल्प आखावयाचा, त्यांच्या अनुपस्थितीत झालेला ठराव दुबळा ठरतो. तो शक्यतो १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावा.

उद्दिष्ट व अंदाजपत्रक

उदाहरणादाखल, एका गावाने ३० युवक-युवतींना विद्युतपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्याचे ठरविले असे समजू. १५ जणांच्या दोन तुकड्या व प्रत्येकी ३० दिवस असा आराखडा असल्यास पहिली तुकडी मे महिन्यात, पेरणीपूर्वी, तर दुसरी ऑगस्टमध्ये घेता येईल. मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, नोव्हेंबर ते मार्च या काळात अभ्यासिका चालविणे हा याच प्रकल्पाचा पूरक भाग होऊ शकतो. मुलींच्या सोयीची वेळ व जागा प्रस्तावात नमूद करावी. एरव्ही त्यांची संख्या केवळ तक्त्यात उरते.

खर्चाची मांडणी अशी करता येईल : प्रशिक्षकाचे मानधन ६० दिवस, दररोज ८०० रुपये, म्हणजे ४८,००० रुपये, सरावाचे साहित्य ३० जणांसाठी प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४५,००० रुपये, हत्यारांचे १० संच प्रत्येकी २,५०० प्रमाणे २५,००० रुपये, अल्पोपाहार ३० जणांना ३० दिवस प्रत्येकी २० प्रमाणे १८,००० रुपये, लेखनसामग्री व लेखापरीक्षण ९,००० रुपये. एकूण १,४५,००० रुपये. हे दर केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्यक्षात स्थानिक दरपत्रके जोडावीत. ग्रामपंचायतीने दिलेले सभागृह व वीज हा लोकवाटा स्वतंत्र दाखवावा. अभ्यासिकेचा खर्चही याच पद्धतीने वेगळा मांडावा.

मंजुरीनंतरची जबाबदारी

अनुदानासाठी स्वतंत्र रोखवही, पावत्या, हजेरीपट व साहित्य नोंदवही ठेवावी. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार अनावर्ती अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यावयाचे असते. अनुदानावर मिळालेले व्याजही संस्थेचे उत्पन्न मानता येत नाही.

खरी कसोटी निधी उशिरा आल्यावर लागते. फेब्रुवारीत रक्कम मिळाली आणि प्रशिक्षणार्थी तळावर असले, तर मार्चअखेर खर्च दाखविण्यासाठी खोटे हजेरीपट भरण्याचा मोह होतो. पुढे तपासणीत ही बाब उघड झाल्यास वसुली होते आणि गावाचा पुढील अर्जही अडतो. यावर उपाय प्रस्तावातच आहे. स्थलांतराचे महिने दर्शविणारा तक्ता जोडून हप्त्यांची मागणी त्यानुसार करावी. तरीही विलंब झालाच तर मुदतवाढीचा लेखी अर्ज वेळेत द्यावा. आरंभीच स्थलांतराचा तक्ता दिलेला असल्यास मुदतवाढीचे कारण मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास सहज पटू शकते. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी हा तक्ता ऑगस्टमध्येच तयार केल्यास पुढील मे महिन्यात प्रशिक्षणाच्या वर्गात तरुण प्रत्यक्ष बसलेले दिसतील.